परतीच्या बोटीपासून सुरुवात

नमस्कार श्रोतेहो.

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या लहानशा बेटावर जायचं मनात आलं, की आपण सगळ्यात आधी राहायची जागा शोधायला लागतो. पाण्याला लागून खोली, दारात माड, समोर निळंशार पाणी. माझं सांगणं जरा उलटं आहे. खोली अगदी शेवटी ठरवा. आधी हे शोधून काढा, की त्या बेटावरून परत येणारी बोट किंवा विमान कोणत्या वारी सुटतं. तो वार हाती आला, की तिथून मागे मागे येत बाकीचे दिवस मांडायचे.

असं का म्हणते, ते सांगते. एका बेटावर मी तीन दिवस अडकून पडले होते. बोट डोळ्यांसमोर धक्क्याला बांधलेली, सामान भरलेलं, आणि वारा काही पडेना. कप्तान रोज सकाळी धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभा राहायचा, लाटांकडे बघायचा आणि मान हलवून परत यायचा. त्यानं बोट काढली नाही, हेच योग्य होतं. पण मी पुढचं मोठं विमान त्याच संध्याकाळचं घेतलं होतं. ते तिकीट वाया गेलं ते गेलंच. तेव्हापासून बेट सोडण्याचा दिवस आणि लांबच्या विमानाचा दिवस, यांच्यामध्ये मी एक अख्खा दिवस मोकळा ठेवते. तो फुकट गेला असं मला कधीच वाटलं नाही.

जातानाचंही तसंच आहे. मालदीवमध्ये पाण्यावर उतरणारी छोटी विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. मालेला तुम्ही संध्याकाळी उतरलात, आणि लांबच्या बेटावर जायला तेवढं एकच साधन असेल, तर ती रात्र तिथेच काढावी लागते. मग बेटावरच्या खोलीचे त्या रात्रीचे पैसे का भरायचे? प्रशांत महासागरात तर तारखेचाच घोळ होतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून सोमवारी सकाळी निघालेलं विमान कुक बेटांतल्या रारोटोंगाला रविवारी उतरतं, कारण मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. खोली सोमवारपासून घेतली असेल, तर रविवारची रात्र कुठे काढणार? सामोआ देशानं २०११ साली आपली बाजूच बदलली. तिथे २९ डिसेंबरनंतर थेट ३१ डिसेंबर उजाडला. म्हणून तिकिटावरची तारीख त्या त्या ठिकाणची आहे हे ध्यानात धरून, बोटं मोजत, कागदावर लिहून काढा.

आता हंगाम. दक्षिण प्रशांत महासागरात चक्रीवादळांचा काळ साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, तर कॅरिबियन बेटांकडे जून ते नोव्हेंबर. विषुववृत्ताच्या अगदी जवळ मात्र चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत, कारण वाऱ्याला गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तिथे फार क्षीण असतो. सेशेल्सची मुख्य बेटं विषुववृत्तापासून जेमतेम चार-पाच अंश दक्षिणेला आहेत, त्यामुळे चक्रीवादळाच्या तडाख्यातून ती बहुतेक वेळा सुटतात. पाऊस मात्र तिथेही भरपूर पडतो, आणि वाऱ्याची दिशा बदलली की कालचा शांत किनारा आज खवळलेला दिसतो.

ज्या गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, ती म्हणजे पाणी. समुद्राचं नव्हे, प्यायचं.

सखल प्रवाळबेटावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचं पाणी वाळूतून आणि प्रवाळाच्या सच्छिद्र खडकातून खाली झिरपतं आणि आतल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं असतं. मध्यभागी जाड, कडेला पातळ, अगदी भिंगासारखा त्याचा आकार. ढोबळ हिशेब असा, की हे गोडं पाणी समुद्रसपाटीच्या जितकं वर, त्याच्या सुमारे चाळीस पट खाली. वर दहा सेंटिमीटर असेल, तर खाली चार मीटर. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण नेमका धोकाही तिथेच आहे. वरची पातळी थोडीशी उतरली, की खालून खारं पाणी चढायला लागतं. तुवालूमध्ये २०११ साली पाऊस लांबला आणि सप्टेंबरअखेर सरकारला पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. राजधानी फुनाफुटीत घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळत होतं.

मी राहिले होते त्या घरी छपराच्या पन्हळीतून येणारं पाणी एका मोठ्या टाकीत साठवायचे. घरमालकीण रोज सकाळी बोटाच्या पेरानं टाकीवर ठकठक करत वरून खाली यायची. वर पोकळ आवाज, आणि एका जागी तो एकदम भरीव व्हायचा. तिथे ती क्षणभर हात ठेवायची. तेवढंच तिचं मोजमाप. मी असताना तो हात रोज थोडा थोडा खाली सरकत गेला, आणि माझ्या आंघोळीचं पाणीही त्याच टाकीतलं होतं. तिनं मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मी तांब्याभर पाण्यात अंगावरचं मीठ उतरवायला शिकले. म्हणून खोली ठरवताना हे जरूर विचारा, की तुमच्याकडे पाणी कुठून येतं. पावसाचं, विहिरीचं, की समुद्राचं पाणी गोडं करण्याचं यंत्र आहे? उत्तर ऐकलं, की तिथे कसं राहायचं ते आपोआप कळतं.

दुसरी गोष्ट, भरती-ओहोटीचं वेळापत्रक. ते बरोबर ठेवा. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे काल ज्या वेळी पोहलात ती वेळ आज चालेलच असं नाही. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा असतो. त्यावरून लाटा आत येतात, उथळ भागात पाणी साठतं आणि ते पाणी कठड्यात जिथे खिंड असेल तिथूनच बाहेर पडतं. ओहोटीला तर जोरात. खिंडीपाशी लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि संथ दिसतं, आणि अनोळखी माणसाला तीच जागा पोहायला बरी वाटते. कृपा करून तिथे उतरू नका. चुकून ओढले गेलात, तर प्रवाहाशी झुंजू नका. अंग पाण्यावर ठेवा, हात वर करून हाक द्या, जमेल तसं आडवं सरका. आणि पहिल्याच दिवशी तिथल्या माणसाला विचारा, खिंड कुठे आहे. लहान मुलंसुद्धा बोट दाखवून सांगतात.

प्रवाळ हा दगड नव्हे, तो जिवंत आहे. त्यावर उभं राहू नये, आणि त्यानं कापलं तर जखम लगेच स्वच्छ धुवावी, ती फार पटकन चिघळते. अंगाला लावायच्या सनस्क्रीनवरचा कागदही वाचून घ्या. पलाऊ या देशानं १ जानेवारी २०२० पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट अशी प्रवाळाला घातक द्रव्यं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. मला विचाराल, तर पूर्ण बाह्यांचा, पाण्यात घालायचा सदरा सगळ्यात उत्तम. पाठ भाजत नाही आणि पाण्यातही काही उतरत नाही.

टाकी पाठीवर बांधून खोल पाण्यात डुबक्या मारणार असाल, तर शेवटच्या डुबकीनंतर निदान अठरा तास विमानात बसायचं नाही. रक्तातला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. आपला तो मोकळा दिवस इथेही उपयोगी पडतो.

रोख पैसे, नेहमीची औषधं दोन-चार दिवस जास्तीची, आणि लहान विमानात सामानाचं वजन किती चालतं याची चौकशी, एवढं नक्की करा. टोंगामध्ये रविवार पाळण्याचं बंधन थेट राज्यघटनेत आहे. त्या दिवशी दुकानं बंद असतात, तेव्हा लागेल ते शनिवारीच आणून ठेवा.

जाता जाता एक आठवण. शेजारच्या खोलीत एक सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिला ओहोटीच्या वेळी एक सुंदर शंख सापडला, आणि तिनं तो घरी न्यायचा म्हणून खिडकीत ठेवला. रात्री सगळे जेवत असताना तो शंख खिडकीच्या कडेनं चालायला लागला. आत खेकडा होता. हे खेकडे स्वतःचं कवच बनवत नाहीत. रिकामे शंख शोधून त्यांत राहतात आणि अंग वाढलं की मोठ्या शंखात बिऱ्हाड हलवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे बोट होती. तिचे वडील सामान बांधत होते, आणि ती शंख ओंजळीत धरून अंधारातच पाण्याच्या कडेला गेली. परत आली तेव्हा तिच्या खिशात कालचे आणखी तीन रिकामे शंख होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मागे वळली आणि तेही ठेवून आली.

नमस्कार.