पाठवलेली मेल परत बोलावता येत नाही: एजंटसाठी टूलचं वर्णन

मंडळी, एआय एजंटच्या, म्हणजे आपल्या सांगण्यावरून स्वतः कामं करणाऱ्या एआयच्या, हाती ईमेल मार्केटिंगचं सॉफ्टवेअर दिलं तरी त्याला आपल्यासारखी स्क्रीन दिसत नाही. लाल बटण नाही, 'नक्की पाठवायचं?' असं विचारणारी चौकट नाही. त्याच्यापुढे असतं टूलचं (त्याला करता येणाऱ्या एकेका कामाचं) नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कशा रूपात द्यायची याचा जेसन स्कीमा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला आणि टूल जोडण्याची एक सामाईक पद्धत मिळाली. वर्णन मात्र ज्याचं त्यानेच लिहायचं, आणि घोळ होतात ते तिथेच.

'कॅम्पेन पाठवतं' एवढंच वर्णन घ्या (कॅम्पेन म्हणजे यादीतल्या लोकांना एकत्र पाठवायची मेल). कोणाला पाठवतं? आत्ता की नंतर? वापरकर्ता म्हणतो, 'जरा पाठवून बघ', आणि मेल सगळ्या यादीला जाते. त्याला हवी होती टेस्ट मेल, म्हणजे फक्त स्वतःला आलेला नमुना. आता हेच असं लिहू: 'तयार कॅम्पेन त्याला जोडलेल्या यादीतल्या सर्व सक्रिय सदस्यांना लगेच पाठवतं. पाठवल्यावर मागे घेता येत नाही. नमुना पाहायचा असेल तर टेस्ट मेलचं टूल, पुढची वेळ ठरवायची असेल तर शेड्यूलचं टूल वापरावं. कॅम्पेनचं नाव आणि सदस्यसंख्या दाखवून वापरकर्त्याचा होकार घेतल्याशिवाय वापरू नये. उत्तरात रांगेत घातलेल्या मेलची संख्या मिळते. त्या पोचल्याच असा त्याचा अर्थ नाही.' यातलं सर्वांत मोलाचं वाक्य तिसरं. टूल केव्हा वापरायचं नाही आणि त्याऐवजी कुठे जायचं, हे लिहायचं बहुतेकांकडून राहून जातं.

याहून अवघड जागा म्हणजे 'काढणं'. 'हा पत्ता यादीतून काढ' या एका वाक्यात तीन कामं दडलेली असतात: सदस्याला अनसबस्क्राइब करणं, अर्काइव्हमध्ये (बाजूच्या साठ्यात) टाकणं, किंवा त्याची नोंद कायमची पुसणं. नोंद पुसली की काही प्रणालींमध्ये त्याने दिलेला नकारही पुसला जातो; पुढच्या वेळी पत्त्यांची जुनी सीएसव्ही फाइल इम्पोर्ट झाली की तोच माणूस सक्रिय सदस्य म्हणून परत येतो. म्हणून तिन्ही टूल्सच्या वर्णनांत एकमेकांचा उल्लेख हवा आणि पुसण्याच्या टूलमध्ये स्पष्ट लिहायला हवं: 'मेल नको असलेल्यांसाठी हे टूल नाही.' यादी, सेगमेंट (यादीतला निवडक गट) आणि टॅग (सदस्याला लावलेली खूण) यांचंही तसंच. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो एका वाक्यात सांगून टाका.

वेळेच्या रकान्यात नुसतं 'तारीख व वेळ' लिहू नका. ०५-०४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे? आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या फरकासह वेळ मागा आणि एक नमुना द्या. जिथे ठरावीक पर्यायच चालतात तिथे मोकळा मजकूर न घेता पर्यायांची यादी स्कीमातच द्या.

अहवालाच्या टूलमध्ये एकक लिहिलं नसेल तर फार बारीक पण महागात पडणारी चूक होते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांखाली ठेवावं लागतं. टूलने ०.००३ असा आकडा दिला आणि तो गुणोत्तर आहे हे सांगितलं नाही, तर एजंट त्याला टक्के समजतो आणि मर्यादेवर पोचलेल्या खात्याला 'उत्तम' म्हणून मोकळा होतो. भागाकार पाठवलेल्या मेलने केला की पोचलेल्या, हेही लिहा. ओपन रेटसोबत (किती मेल उघडल्या गेल्या त्या प्रमाणासोबत) एक इशारा जोडा: मेलमधलं चित्र उतरलं की ती उघडली असं मोजतात; २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत आलेल्या मेल प्रायव्हसी प्रोटेक्शनमुळे ॲपल मेलमध्ये चित्रं आधीच उतरवली जातात, त्यामुळे न उघडलेली मेलही उघडल्यासारखी मोजली जाऊ शकते. दोन विषयओळींची तुलना करायची तर क्लिक पाहणं बरं.

आता टाइमआउट. विनंती गेली, उत्तर आलं नाही. एजंट पुन्हा प्रयत्न करणारच. 'उत्तर न आल्यास आधी कॅम्पेनची स्थिती वाचावी, थेट पुन्हा पाठवू नये' हे वर्णनात हवं. पण नुसत्या शब्दांवर विसंबू नका. वर्णन ही पाटी आहे, कुलूप नव्हे. एकाच विनंतीची दोनदा अंमलबजावणी होऊ न देणारी आयडेम्पोटन्सी की (विनंतीची ओळखखूण) सर्व्हरवर तपासली गेलीच पाहिजे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये 'फक्त वाचतं', 'विध्वंसक आहे' अशा खुणा देता येतात; त्याही सूचनाच, अडवण्याचं काम त्या करत नाहीत.

शेवटी तपासणी. संदिग्ध अशा वीसेक मागण्या लिहा: 'उद्या सकाळी जाऊ दे', 'यांना आता पुरे', 'मागच्यासारखंच पुन्हा'. चाचणी खात्यावर एजंट कोणतं टूल निवडतो, कोणती मूल्यं भरतो आणि कुठे थांबून विचारतो, ते नोंदवा. चुकलं तिथे एका वेळी एकच वाक्य बदला आणि सगळ्या मागण्या पुन्हा चालवा. शेड्यूलच्या वर्णनात घातलेला एक शब्द टेस्ट मेलची निवड बिघडवू शकतो.