पत्रा, पेट्रोल आणि कान : माझी १९७२ ची एमजीबी

ऐका जरा. माझ्या एमजीबीची, म्हणजे उघड्या छताच्या दोन सीटच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीची, चावी फिरवलीय, इंजिन अजून सुरू केलेलं नाहीये, आणि मागच्या चाकाजवळून टिकटिकटिक येतंय ना, तो पेट्रोल पंप. दोन्ही कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी भांडी, भरले की टिकटिक मंदावते, बंद होते, मग चोक ओढायचा आणि स्टार्टर मारायचा. बंद नाही झाली तर आधी खाली वाकून बघायचं, एकतर टाकी रिकामी असते नाहीतर पेट्रोल गळत असतं. पुण्यात बाबा रोज सकाळी स्कूटर तिरकी करून मगच किक मारायचे, ते बघत मोठा झालो, त्यामुळे गाडीची अशी विचारपूस करून निघायचं हे मला कधी परकं वाटलंच नाही.

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि ही गाडी बनली ती ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला, म्हणजे इथून तासाभराच्या आत. १९६२ ला एमजीबी आली, १९८० ला तो कारखाना बंद झाला, आणि तेवढ्या वर्षांत पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या. इंजिन १७९८ सीसीचं, ताकद ९५ हॉर्सपॉवरच्या आसपास, आजची साधी हॅचबॅकसुद्धा सिग्नलवरून पुढे निघून जाते. जाऊ दे ना! सीट इतकी खाली आहे की हात बाहेर काढला तर डांबर लागेल असं वाटतं, छत उघडं, पन्नास मैलांच्या स्पीडला कापलेल्या गवताचा वास थेट नाकात येतो आणि वळणावर स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडा न खडा हाताला कळतो. हे सुख मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळालेलं नाही.

आता खर्चाचं बोलूया. सगळे विचारतात इंजिनाचं काय. अहो इंजिन साधं आहे, पार्ट सगळे मिळतात, घरच्या घरी खोलता येतं. पैसे जातात ते पत्र्यात. हिच्या आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, होती, हिला नाही, हिची बॉडी हीच चासी, आणि माझ्यासारख्या उघड्या गाडीला, म्हणजे रोडस्टरला, छताचा आधार नसल्यामुळे बराचसा भार दारांखालून जाणाऱ्या पट्ट्यांवर येतो, ज्यांना इथे सिल म्हणतात. त्यात बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये पत्र्याचाच एक पडदा, आणि गंज लागतो तो आतून. मी घेतली तेव्हा रंग आरशासारखा होता. मेकॅनिकने खालून स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा वेल्ड करून, पुट्टी भरून, वर रंग मारलेला. दोन्ही बाजू कापाव्या लागल्या, आणि कापताना दाराच्या चौकटीत लोखंडी टेकू लावतात कारण नाहीतर बॉडी मधूनच दबते आणि मग दार पुन्हा कधी नीट लागत नाही. गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मं बिल झालं. म्हणून सांगतो, घ्यायला जाल तेव्हा कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाहीये, पुट्टी आहे.

बाकी इथले नियम या गाड्यांना चांगले आहेत. चाळीस वर्षं झाली की रोड टॅक्स माफ, आणि २०१८ पासून वर्षाची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ही तपासणीसुद्धा सक्तीची नाही. मी तरीही दरवर्षी करून घेतो, ब्रेक आणि स्टिअरिंग परक्या डोळ्यांनी बघितलेलं बरं. पेट्रोलचं मात्र लक्ष ठेवावं लागतं, २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी पायपांना ते खातं, म्हणून पाईप सगळे बदलले आणि कमी इथेनॉलचं महागडं सुपरच भरतो. पुढची चाकं ज्या खुंटांवर वळतात त्या किंगपिनला दर ३००० मैलांनी ग्रीस. हे चुकवायचं नाही.

आणि हे माझं सगळ्यात आवडीचं काम. एअर फिल्टर काढायचे, रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आतून श्श्श येतं. मग दुसऱ्याच्या तोंडाशी. एक जरा जास्त हवा ओढतोय, तर स्क्रू केसभर फिरवायचा, परत ऐकायचं, परत फिरवायचं, आणि दोन्हींचा श्वास सारखा झाला की इंजिनाची थरथर अशी काही बसते की बॉनेटवर ठेवलेल्या हाताला कळतं. रविवारची अख्खी सकाळ जाते त्यात. जाऊ दे, मला चालतं.

आज परत येताना पाऊस लागला. छत ओढलं तरी काचेच्या कोपऱ्यातून पाणी आलंच, तिथूनच येतं. कार्पेट उचलून भिंतीला टेकवलंय, खालचा पत्रा कोरड्या फडक्याने पुसलाय, कोपऱ्यात बोट घालून बघितलं, अजून थोडा ओलावा आहे. हीटर लावून ठेवतो, झोपायच्या आधी परत एकदा बघून येईन.