लेख एक, मानधन अनेकदा

नमस्कार श्रोतेहो. मासिकात छापून आलेला लेख तिथेच संपत नाही. नीट बांधला तर तो चार ठिकाणी मानधन मिळवतो. त्यासाठी शिळा होणारा मजकूर वेगळा ठेवायचा. पुन्हा सांगतो, शिळा होणारा मजकूर वेगळा.

मला फार आवडणारा एक प्रसंग घ्या. शनिवार, १६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला निघाली. १४ डबे, ४००च्या आसपास पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि पुढे तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान! अंतर ३४ किलोमीटर. लागलेला वेळ मात्र कुठे ५७ मिनिटं, तर कुठे सव्वा तास दिलेला आढळतो. म्हणून आकडा कुठून घेतला ते वहीत टिपून ठेवा, दुसरा संपादक हमखास विचारतो.

या प्रसंगातलं काहीच जुनं होत नाही. पण त्यालाच जोडून ‘सध्या ठाण्याचं तिकीट इतकं’ असं लिहिलंत, की पुढच्या भाडेवाढीला लेख बाद. ‘नुकतंच’, ‘गेल्या वर्षी’ हेही टाळा, सरळ साल लिहा. स्टेशनाचं नावच बघा ना. बोरीबंदरच्या व्हीटीचं, म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनसचं, १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ साली त्यात ‘महाराज’ आलं. म्हणून प्रसंगात त्या काळचं नाव ठेवायचं. आजचं नाव, तिकीट, वेळापत्रक सगळं शेवटच्या चौकटीत. लेख पुन्हा देताना फक्त चौकट बदलायची.

मग हाच गाभा मुलांच्या मासिकाला ६०० शब्दांत, इंजिनांच्या नावांपासून सुरू करून. दिवाळी अंकाला २५०० शब्दांत, रेल्वेसाठी पुढाकार घेणाऱ्या नाना शंकरशेटांच्या बाजूनं. नाना कोण होते हे मुंबईतल्या प्रत्येक मुलाला शाळेतच कळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शहर उभारणारी आपली माणसं नुसती रस्त्यांच्या पाट्यांवर उरावीत, हे बरं नाही. असो.

तारखाही कामाला येतात. पहिली विजेची गाडी व्हीटी ते कुर्ला धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. २०२५ साली तिची शंभरी झाली. पहिल्या आगगाडीला १७५ वर्षं २०२८च्या एप्रिलमध्ये होतील. मासिकाचा अंक आधीच लागतो, तेव्हा संपादकांना पत्र जानेवारीतच जायला हवं. तोच मजकूर जसाच्या तसा देणार असाल, तर पूर्वप्रसिद्धी आधीच कळवा. लपवलीत तर ते दार कायमचं बंद.

आता हक्क. होकार आला की लगेच ईमेलवर लिहून घ्या: ‘लेख या अंकात एकदा छापण्यासाठी, पुढचे हक्क लेखकाकडे.’ १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. पुन्हा सांगतो, मुदत नसेल तर पाच वर्षं. म्हणजे न वाचता आज सही केलीत, तर २०२८चा एप्रिल हातचा गेला.