कणगीला उंदीर

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी सहाची वेळ. पाथरीला लग्नाला निघायचं. मंडळी नटूनथटून अंगणात उभी. मी किल्ली फिरवली, तर गाडीतून नुसतं टक-टक-टक. शेवटी शेजाऱ्यांनी धक्का मारून दिला आणि आम्ही निघालो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ओहमचा नियम फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, मोजदाद नाही. पण स्वतःची गाडी बसली तेव्हा व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर हातात घ्यायचं मला सुचलं नाही. सरळ दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. मी नवी घेतली, जुनी बदल्यात देऊन टाकली. पाचव्या दिवशी सकाळी पुन्हा टक-टक-टक.

मग आमच्या गावातल्या वायरिंगवाल्या चाचांना बोलावलं. नवी बॅटरी बघून ते हसले. म्हणाले, "सर, कणगीला उंदीर लागलाय अन् तुम्ही कणगीच बदलायलात!"

त्यांनी आधी बॅटरी चार्ज करून रात्रभर वेगळी ठेवली. सकाळी मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ दिसले असते तर ती अर्धी रिकामी समजायची. मग गाडी चालू करून पाहिलं, १४.२. डायनामो म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र; सुस्थितीतला डायनामो साधारण १३.८ ते १४.५ देतो. म्हणजे भरणं नीट होतंय, गळती रात्रीची आहे.

आता उंदीर शोधायचा. दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घातली, आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक अन् सुटलेली वायर यांच्यामध्ये मीटर जोडला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा.

फ्यूजपर्यंत हात पोचावा म्हणून चाचांनी दार उघडं ठेवलं, पण कुलपाची जीभ पेचकसानं दाबून बसवली, म्हणजे गाडीला वाटावं दार लागलंय. आणि मग आम्ही चहा प्यायला बसलो. हा चहा महत्त्वाचा. आजकालच्या गाडीतली यंत्रणा झोपी जायला वीस-तीस मिनिटं लागतात. घाई केली की आकडा मोठा दिसतो आणि माणूस भलत्याच वायरी कापत बसतो. झोपलेल्या गाडीनं ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त ओढू नये. आमच्या मीटरवर १.९ होते. रात्रीचे दहा तास धरा, १९ अँपिअर-तास झाले. बॅटरीच मुळात ३५ ची. सकाळी काय उरणार?

एकेक फ्यूज उपसायला सुरुवात केली. ज्या फ्यूजनं आकडा धाडकन उतरतो, त्या लाइनवर चोर. बहुतेकदा डिकीतला दिवा, नाहीतर चिकटलेला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. आमचा आकडा कशानंच हलेना. डायनामोचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, खराब असला तरी असंच होतं, म्हणून बॅटरी सोडून डायनामोची जाड वायर वेगळी केली, पुन्हा मीटर लावला. तरी १.९.

तेव्हा चाचांचं बोट प्लसच्या टर्मिनलखाली गेलं. तिथून एक जादा लाल वायर निघून गालिच्याखाली शिरली होती. सीटखाली हात घातला तर अँप्लिफायर, आणि तो बंद गाडीतही कोमट! आधीच्या मालकानं गाण्यांच्या हौसेपायी थेट बॅटरीवरून जोडलेला. फ्यूजबॉक्सला त्याचा पत्ताच नव्हता. त्याची चालू-बंदची बारीक वायर किल्लीबरोबर जागी होणाऱ्या लाइनवर घेतली, जाड वायरला बॅटरीजवळ फ्यूज बसवला. आकडा ०.०३.

दर वेळी उंदीरच असतो असं नाही. आपल्याकडच्या उन्हात बॅटरीचं पाणी उडतं, आतल्या प्लेटा लवकर झिजतात. तीन-चार वर्षांची बॅटरी चार्ज करून रात्रभर वेगळी ठेवली आणि तरीही उतरली, तर दोष तिचाच, ती बदला. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बोअरचं पाणी नको. त्यानं आपल्या हंड्याला आतून पांढरा थर येतो, ते बॅटरीत काय करेल विचार करा. आणि गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनामो तपासणारा कोणी भेटला तर त्याचा हात धरा. जुन्या जीपगाड्यांना ते खपून जायचं. आताच्या गाडीत व्होल्टेज उसळून कॉम्प्युटर जळू शकतो.

उन्हाळी सुटीत महिनाभर गाडी उभी राहणार असेल, तर जाण्याआधी निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल. माझा दहा नंबरचा पाना आता गाडीतच असतो.

नमस्कार.