पुस्तक स्वतः काढायचं का?

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या महिन्यात आपल्या सार्वजनिक वाचनालयातून बाहेर पडत होतो, तर एका ताईंनी थांबवलं. पिशवीत दोन जाडजूड वह्या. तीस वर्षं परिचारिकेची नोकरी केली, त्या आठवणी लिहून काढलेल्या. म्हणाल्या, "दोन प्रकाशकांनी नाही म्हटलं, तिसरे पैसे मागतायत. त्यापेक्षा मीच काढू का हो पुस्तक?"

पंधरा वर्षांपूर्वी मीही कथासंग्रह स्वतः काढला होता. पाचशे प्रती. गठ्ठे दिवाणाखाली राहिले आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या गठ्ठ्याला ओल लागली. पैशांचं दुःख ओसरलं. पण त्या कथा जीव ओतून लिहिल्या होत्या, आणि त्या कुणाच्या हाती द्यायच्या याचा मी एकदाही विचार केला नव्हता, हे अजून सलतं.

पदरचे पैसे घालण्यात कमीपणा आहे असं मात्र मी मानत नाही. आपल्या कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ साली निघाला तो वि. स. खांडेकरांनी पदरमोड केली म्हणून. त्या कवितेवर खांडेकरांचा विश्वास होता.

ताईंना आधी एवढंच सांगितलं, की पैसे भरून दुसऱ्याकडून पुस्तक काढून घेणं वेगळं आणि स्वतः प्रकाशक होणं वेगळं. पहिल्यात खर्च तुमचा, प्रकाशक म्हणून नाव त्याचं. आणि करार न वाचता सही केलीत, तर पुढच्या आवृत्तीचे हक्कही हातचे जाऊ शकतात. स्वतः काढलंत तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, तुमच्या नावावर मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची यंत्रणा तो देते. अर्ज ऑनलाइन करायचा, शुल्क नाही. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका. पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजनाही आधी पाहा.

फसगत होते ती हिशेबात. समजा प्रत छापायला १०० रुपये पडले आणि किंमत २०० ठेवली. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली की हातात उरतात १२०. पाचशे प्रतींचे ५० हजार सुटायला ४१७ प्रती विकाव्या लागतात! अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, टपाल यात धरलेलंच नाही. नातलगांना आणि अभिप्रायासाठी द्यायच्या प्रती निराळ्या. ऑफसेट छपाईत आधी पानांच्या प्लेट बनवाव्या लागतात, तो खर्च सुरुवातीलाच बसतो, म्हणून प्रती वाढवल्या की दर उतरतो. "अजून दोनशे घ्या, फार फरक पडत नाही," असं छापखान्यात हमखास ऐकू येतं. मी ते ऐकलं होतं. तुम्ही ऐकू नका. डिजिटल छपाईत, म्हणजे प्लेट न बनवता थेट फाइलवरून छापण्यात, प्रत थोडी महाग पडते, पण पन्नाससुद्धा छापता येतात.

आणि हे अगदी कळकळीने सांगतो, मुद्रितशोधनात काटकसर करू नका. लिहिणाऱ्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत. डोळा जे लिहायचं होतं तेच वाचतो. अक्षरजुळणी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत, करून घ्या आणि मूळ फाइल मागून घ्या. माझ्या संग्रहाची फाइल जुन्या फॉन्टमधली आहे. ती आज उघडते, पण तिच्यातलं एकही अक्षर वाचता येत नाही.

शेवटी ताईंना म्हटलं, "घरी जा आणि पैसे देऊन पुस्तक घेतील अशांची नावं लिहा. 'घेतीलही कदाचित' असली नावं नकोत."

परवा त्यांचा फोन आला. सोबत काम केलेल्या सिस्टर, नर्सिंग शिकणाऱ्या मुली, वॉर्डातून बरी होऊन घरी गेलेली काही माणसं, मिळून त्रेसष्ट नावं झाली होती. ऐंशी प्रती डिजिटलवर छापायचं ठरलंय. पहिलं प्रूफ पुढच्या आठवड्यात येईल. ते तपासायला ताईंबरोबर रात्रपाळी केलेल्या एक सिस्टर बसणार आहेत. जुन्या औषधांची नावं त्यांना अजून तोंडपाठ आहेत.

नमस्कार.