जेवण आणि अंथरूण यांच्यातले तीन तास

श्रोतेहो, नमस्कार. छातीत जळजळ, आंबट ढेकर, मध्यरात्री घशाशी येणारं कडू-आंबट पाणी. ‘पित्त झालंय’ म्हणायचं, गोळी चघळायची आणि कूस बदलायची, हे घरोघरी चालतं. आज मी बोलणार आहे ते जेवणाच्या वेळेबद्दल आणि अंथरुणाबद्दल.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. ते सैल पडलं की जठरातलं आम्ल वर चढतं. जठराच्या अस्तराला ते सोसतं, अन्ननलिकेला सोसत नाही. त्यात भरल्या पोटी आडवं झालं, की आम्लाला वर यायला वाट मोकळीच.

आमच्या गल्लीत एक किराणा दुकानदार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. ते माझ्याकडे आले खोकल्याचं औषध मागायला. रात्री दोनच्या सुमारास ठसका लागून जाग यायची. मी विचारलं, ‘अण्णा, जेवता किती वाजता?’ दुकान बंद करून, गल्ला मोजून ताटावर बसायला साडेदहा. भाकरी, झणझणीत रस्सा, वर भात, आणि हात धुतले की थेट पलंग. काकूंनी डोक्याखाली तीन उशा दिल्या होत्या. पण उशांनी मान तेवढी वर येते, पोट मात्र दुमडतं आणि दाब उलट वाढतो. मी म्हटलं, उशा काढा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा. पंधरा ते वीस सेंटिमीटर उंची हवी. आणि जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका.

अण्णांनी फूटपट्टी लावून मोजलं. फरशीला चरे पडू नयेत म्हणून साखरेच्या पोत्याचं गोणपाट विटांना गुंडाळलं. पहिल्या रात्री घसरत घसरत पायथ्याशी पोचले, मग काकूंनी गादीवर जाड गोधडी अंथरली. विटांचं जमलं, जेवणाचं जमेना. ‘डॉक्टर, गिऱ्हाईक सोडून जेवू कसा?’ तोडगा काकूंनीच काढला. साडेसातला डबा घेऊन त्या स्वतः दुकानात यायच्या. अण्णा आतल्या पोत्यांवर बसून जेवायचे, काकू गल्ल्यावर. गिऱ्हाइकंही सरावली, ‘अण्णा जेवतायत, थांबतो’ म्हणू लागली. दिवाळीच्या सुमारास अण्णा फराळाचा डबा घेऊन आले ते सांगायला, की रात्रीचं उठणं थांबलं. तंबाखू सुटायला मात्र पुढे बरेच दिवस गेले.

हल्लीच्या पलंगांना पायच नसतात, खाली नुसती पेटी. मला ते पलंग मुळीच आवडत नाहीत. विटा लावता येत नाहीत, खालून केरसुणी फिरत नाही आणि नको ते सामान वर्षानुवर्षं साठतं. असा पलंग असेल तर उताराची फोमची उशी घ्या, पाठीपासून डोक्यापर्यंत आधार देणारी.

पुन्हा सांगतो: जेवण आणि झोप यांच्यात तीन तास. डावीकडे वळून झोपा, त्यानं आराम पडतो. पोट सुटलं असेल तर वजन थोडं उतरलं तरी फरक जाणवतो. नाडी, पट्टा आवळून बांधू नका. खाण्यात प्रत्येकाचं वैरी वेगळं: कुणाला तळलेलं, कुणाला कॉफी, चॉकलेट, जेवणानंतरची पेपरमिंटची गोळी. आपलं कुठलं ते वहीत लिहून ओळखा. सगळंच सोडून वरणभातावर राहायची गरज नाही. थंड दुधानं घटकाभर बरं वाटतं, एवढंच. सिगारेट, तंबाखू आणि दारू मात्र सोडाच.

आठवड्यातून दोनदा-तीनदा जळजळ होत असेल तर मनानं गोळ्या घेत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं दिसलं तर त्याच दिवशी जा. आणि छातीत दाब, सोबत घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर खायचा सोडा किंवा जिरेपाणी घेत बसू नका, थेट दवाखाना गाठा. नमस्कार.