मागावरून उतरल्यानंतर

इचलकरंजी. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इथं पहिला यंत्रमाग आणला, आणि तेव्हापासून गावाची ओळख मागांच्या खडखडाटाशी जोडली गेली.

पण मागावरून उतरलेलं हे सुती कापड बघा. पिवळट, खरखरीत, खळीनं ताठ. याला इथं ‘ग्रे’ म्हणतात. ते अंगावर घालण्याजोगं होतं प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे विणलेल्या कापडावर पुढची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात. कौतुक विणकराच्या वाट्याला येतं, आणि ते यायलाच हवं. पण प्रोसेस हाऊसमधल्या माणसांच्या हाती काय कसब आहे, तेही एकदा नीट पाहायला हवं.

हे सिंजिंग. गॅसच्या ज्वाळेला चाटून कापड मिनिटाला शंभर मीटरच्या आसपास वेगानं धावतं. वर उभी राहिलेली लव तेवढी जळते. वेग मंदावला तर कापड करपतं. फार वाढला तर लव तशीच राहते आणि पुढं रंग एकसारखा बसत नाही. ज्योत निळीच हवी. पिवळी झाली की काजळी धरते. ऑपरेटर तिच्यावरून नजर हलवत नाही.

मग एन्झाइमनं खळ काढायची, कॉस्टिक सोड्यानं कापसातलं मेण घालवायचं, हायड्रोजन पेरॉक्साइडनं कापड शुभ्र करायचं.

आणि हे मर्सरायझिंग. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञानं १८५० साली याचं पेटंट घेतलं. तीव्र कॉस्टिक सोड्यात कापसाचा चपटा, पिळदार तंतू फुगून गोल होतो. कापडाला बळकटी येते, ते रंगही जास्त पितं. पण आकसतं. आकसू न देता ताणून धरलं तर रेशमासारखी झळाळी येते, हे होरेस लोव यांनी १८९० च्या सुमारास दाखवलं. या साखळ्यांचे चिमटे दोन्ही काठ पकडून आहेत ते त्यासाठीच. ताण धरूनच सोडा धुऊन काढायचा. काठ सुटला, की तेवढ्या पट्ट्यात चकाकी गेली.

या धुण्याला पाणी अफाट लागतं, आणि पंचगंगेच्या प्रदूषणात इथल्या सांडपाण्याचा वाटा आहे.

स्टेंटर या यंत्राच्या गरम हवेत कापड सुकतं, ठरलेल्या पन्ह्यावर येतं. कॅलेंडर यंत्राचे जड रूळ त्याला इस्त्रीसारखं गुळगुळीत करतात. सॅनफोरायझिंगमध्ये रबरी पट्टा कापडाला लांबीत आधीच आकसवून घेतो, म्हणून शिवलेला शर्ट पहिल्या धुण्यात आखूड होत नाही.

शेवटी तपासणीचं टेबल. ट्यूबलाइटच्या उजेडात डाग, काजळी, सुटलेला काठ शोधला जातो. खोट निघालेला तुकडा बाजूला, बाकीचे तागे घडीला.